घडीचा चाकू आणि बंद लिफ्ट

"बोट काढ! प्रसन्न, आधी बोट काढ!"

रसिका ओरडली आणि प्रसन्नने दचकून हात मागे ओढला. खाडकन चाकूचं पातं मुठीत मिटलं. जरा उशीर झाला असता तर मध्ये त्याचं बोट सापडलं असतं!

"बाप रे!" प्रसन्नने पाचही बोटं हलवून बघितली. "हा तर चावतो यार!"

"खटकाच धड बसत नाही त्याचा," रसिका म्हणाली. "साधा पुठ्ठा कापताना मिटला. पहाडात ओली दोरी कापताना काय करेल? हा बाद!"

पुढच्या आठवड्यात प्रसन्न डोंगरातल्या शिबिराला जाणार होता आणि काही झालं तरी त्याला घडीचा चाकू हवाच होता. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये तो रसिकाच्या शेजारी राहायचा. रसिकाचे बाबा, मुरलीधर, कूलरची मोटर दुरुस्त करायला पहाडगंजला निघाले, तेव्हा हा त्यांच्या गाडीत आधीच जाऊन बसला होता! रसिका आणि तिचा धाकटा भाऊ यशोधनही मग मागे राहिले नाहीत.

"समोरच्या दुकानात चाकू बघून ठेवा," बाबांनी बजावलं होतं. "घेण्यासारखा आहे की नाही ते रसिका ठरवेल. पैसे मी देईन. आणि गल्ली सोडायची नाही!" एवढ्यात त्यांच्या ऑफिसचा फोन आला आणि ते मोटरच्या दुकानात 'हां, बिल्कुल, बिल्कुल' करत बसले.

मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. गल्लीतला जनरेटर भडभडत होता. दुकानदार छाब्राजी घाम पुसत एकेक चाकू पुढे टाकत होते.

"ये लो! टॉर्च भी है, सीटी भी है!"

"अंकल, चाकू भी है क्या इसमें?" प्रसन्नने विचारलं. यशोधन खो खो हसला.

छाब्राजींनी तोंड वाकडं केलं. मग त्यांनी गल्ल्याखालून एक जुना चाकू काढला. लाकडी मूठ, दोन्ही टोकांना पितळ, रुंद सरळ पातं.

रसिकाने तो हातात घेतला. पातं जराही न अडखळता उघडलं आणि शेवटी 'टक्' असा बारीक आवाज आला. तिने पात्याची बोथट बाजू टेबलावर टेकवून दाबून बघितली. खटका हलला नाही. पातं डावी-उजवीकडे ढकलून पाहिलं, सांधा घट्ट होता. छाब्राजींनी दिलेला कागद तर आवाज न करता दोन तुकडे होऊन खाली पडला!

"हाच!" प्रसन्नने उडी मारली. "रसिका, हो म्हण! प्लीज!"

पण रसिकाने चाकू नाकाशी नेला होता.

"काय झालं ताई?" यशोधनने विचारलं.

"कैरीचा वास येतोय. हे बघ, सांध्यात कैरीचा धागा अडकलाय. अजून ओलसर आहे. आणि सांध्याला तेल दिलेलं आहे, ताजं."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं कसं? कुणीतरी आजच कैरी कापलीय याने. जो माणूस चाकूला इतका जपतो, तो न पुसताच विकायला आणेल?"

प्रसन्नचा चेहरा जरा उतरला. रसिकाने मूठ उजेडात धरली. लाकडावर अक्षरं कोरली होती. छाब्राजी म्हणाले, "कंपनी का नाम है. काके."

"काके नाही, काळे!" तिघंही एकदम ओरडली.

दिल्लीत 'ळ' कुणाला वाचता येणार! यशोधनला मराठीतले कितीतरी शब्द आठवायचे नाहीत, पण घरात आईने 'ळ' मात्र त्याच्याकडून घोटून घेतला होता. मुठीवर स्पष्ट लिहिलं होतं, 'कुसुमावती काळे'.

"अंकल, ये किसका है?"

"बगलवाले होटल के मैनेजर ने दिया. कोई मेहमान छोड़ गया. लेना है तो लो, नहीं तो रखो वापस!"

"घेऊन टाकूया ना," प्रसन्न कुजबुजला. "असा पुन्हा मिळणार नाही."

"चाकू घेण्यासारखा आहे," रसिका म्हणाली, "पण ज्याचा आहे त्याने विकलेला नाही. आधी विचारू. त्या बाई अजून हॉटेलातच असतील तर?"

मुरलीधर अजून फोनवरच होते. रसिकाने समोरून हात केला, शेजारच्या हॉटेलकडे बोट दाखवलं. त्यांनी न बघताच अंगठा वर केला.

'नवरंग पॅलेस' अशी पाटी असली तरी आत रंग असा उरलाच नव्हता. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर काही क्षण काहीच दिसेना. समोर लिफ्टचं बंद दार होतं आणि त्यावर पुठ्ठा टांगलेला, 'लिफ्ट खराब है'. काउंटरमागे मॅनेजर बसला होता.

"कुसुमावती काळे? वो बुढ़िया?" त्याने वर न बघता विचारलं. "सुबह ही चली गई. चाबी भी साथ ले गई!"

"त्यांचा चाकू बाजूच्या दुकानात..." प्रसन्न मराठीतच सुरू झाला. रसिकाने त्याच्या पायावर पाय दिला. तिचं लक्ष काउंटरच्या कोपऱ्यात गेलं होतं.

तिथे एक कापडी बॅग घाईघाईने कोंबलेली पडली होती. अर्धवट घडी घातलेल्या सुती साडीचा काठ बाहेर लोंबत होता. वर चष्म्याचं घर आणि गोळ्यांची डबी होती. डबीला सकाळ, दुपार, रात्र असे कप्पे होते. सकाळचा कप्पा रिकामा, दुपारच्या गोळ्या तशाच.

 रसिका विचारात पडली. म्हातारी बाई हॉटेल सोडून जाते आणि चष्मा, गोळ्या, कपडे इथेच ठेवते?

"ये सामान उनका है?" तिने विचारलं.

मॅनेजरने आता वर बघितलं. "तुम लोग कौन हो? ले जाएगी आकर! मुझे कमरा दूसरे गेस्ट को देना था. चलो, निकलो!"

"अंकल, सू सू!" यशोधन अचानक पाय आवळून म्हणाला. "बहुत ज़ोर से!"

मॅनेजरने वैतागून जिन्याकडे हात केला. "पहले माले पर. जल्दी!"

जिन्यात येताच प्रसन्न कुजबुजला, "यशो, खरंच लागली?"

"नाही. ताईने चिमटा काढला."

जिना लिफ्टच्या भिंतीला लगटून वर जात होता. दिवा नव्हता. भिंती दमट, हवा इतकी कोंडलेली की श्वास पुरेना. पहिल्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्या बंद होत्या. कुणाशी बोलायचं, काय शोधायचं, तिघांनाही कळत नव्हतं.

"परत जाऊया," प्रसन्न म्हणाला. मघाशी उड्या मारणारा प्रसन्न आता रसिकाला चिकटून उभा होता. "मला नाही बरं वाटत इथे."

"श्श!" यशोधनने भिंतीला कान लावला. "ताई, आत कुणीतरी आहे."

"कुठे आत?"

"भिंतीत."

 रसिकानेही कान लावला. आधी फक्त जनरेटरची घरघर. मग, अगदी हलकेच, टक्... टक्... आणि शांतता. खूप वेळाने पुन्हा एकदा, टक्.

ती नुसती भिंत नव्हती. भिंतीपलीकडे लिफ्टचा बोगदा होता!

आवाज वरच्या बाजूने येत होता, तशी तिघं धडपडत वरच्या मजल्याकडे धावली. लिफ्टच्या लोखंडी दाराच्या मधोमध काळी फट होती. रसिकाने तिला तोंड लावलं. 

"काळे आजी! आत तुम्ही आहात का?"

काहीच नाही. 

आणि मग खालून, अंधारातून, खरवडल्यासारखा आवाज आला. "कोण... कोण रे? मराठी कोण?"

"आई गं!" प्रसन्न मटकन खालीच बसला.

"आजी, आम्ही आहोत! मी रसिका! तुम्ही किती वेळ..."

"सकाळी खाली चहाला निघाले... मध्येच बंद पडली. घंटा वाजेना. ओरडून ओरडून..." आवाज तुटला. "काठी घालून आतलं दार जरा उघडलंय. हात बाहेर काढून बसलेय. तेवढीच हवा लागते. पाणी... पाणी आहे का बाळा?"

पाणी होतं, प्रसन्नच्या पाठीवरच्या सॅकमध्ये. पण त्या फटीतून बोटसुद्धा आत जात नव्हतं!

"कौन है वहाँ?" मॅनेजर धापा टाकत वर आला होता. "टॉयलेट नीचे है ना?"

"लिफ्ट में दादी हैं!" रसिका किंचाळली. "आपने देखा भी नहीं? बिना देखे बंद कर दी?"

"चूहे हैं, चूहे! लिफ्ट में कोई..."

टक्. टक्.

 मॅनेजरच्या कपाळावर घाम डवरला. मग तो घाईघाईने म्हणाला, "शोर मत करो. किसी को बोलना नहीं! अभी स्विच चालू करता हूँ, झटके में नीचे आ जाएगी. दो मिनट की बात है!"

"नहीं! उनका हाथ दरवाज़े के बाहर है! लिफ्ट हिली तो..."

"कुछ नहीं होता!" असं म्हणत तो धडाधड जिना उतरायला लागलासुद्धा.

"आजी, हात आत घ्या!" रसिका फटीतून ओरडली. "हात आत घ्या आधी!"

उत्तर आलं नाही. ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक! रसिकाच्या डोळ्यांपुढे तो सुरकुतलेला हात आला आणि वरून सरकणारी लोखंडी चौकट आली. 

"प्रसन्न!"

पण प्रसन्न तिथे नव्हता. जिन्याच्या कठड्यावरून घसरत, मॅनेजरच्या काखेखालून निसटत तो खाली पोहोचला होता. जिन्याखाली 'बिजली' लिहिलेली खोली होती, स्विच तिथेच असणार. दार उघडं, कडीला कुलूप लटकलेलं, कुलपात चावी.  त्याने दार ओढलं, कडी घातली, कुलूप दाबलं आणि चावी उपसली!

"ए! चाबी दे!"

प्रसन्नने चावी हवेत नाचवली. "पकड़ के दिखाओ!" आणि तो दारातून बाहेर सुसाट सुटला. मॅनेजर शिव्या देत त्याच्या मागे धावला.

"यशो, तू इथून हलू नकोस," रसिका म्हणाली. "आजींशी बोलत राहा. थांबू नको!"

"मी एकटा?" यशोधनचे डोळे भरून आले होते. "इथे अंधार आहे."

"मी लगेच येते."

यशोधनने नाक पुसलं आणि फटीला तोंड लावलं. खाली उतरताना रसिकाला त्याचा बारीक आवाज ऐकू येत होता. "आजी, तुम्हाला... वो क्या कहते हैं... डर लागतोय?"

"भीती म्हणतात रे त्याला." क्षीण आवाज आला. "हो. लागतेय."

"मला पण."

काउंटरवरचा फोन उचलताना रसिकाची नजर सारखी दाराकडे जात होती. मॅनेजर परत आला तर? तिने तातडीच्या मदतीचा एकशे बारा नंबर फिरवला. पलीकडच्या बाईंना आधी काही कळेचना, कारण रसिका रडत रडत अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलत होती. मग तिने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला आणि सगळं नीट सांगितलं. गल्ली, हॉटेल, लिफ्ट, म्हाताऱ्या बाई, हात बाहेर आहे. "बेटा, फायर वाले निकल रहे हैं. लिफ्ट कोई चालू न करे," पलीकडून सांगितलं गेलं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. प्रसन्न मोटरच्या दुकानात घुसून सरळ मुरलीधरांच्या पोटावर आदळला होता. त्यांचा फोन उडून जुन्या मोटरींच्या ढिगात पडला.

"काका, मॅनेजर मागे लागलाय! लिफ्टमध्ये आजी मरतायत!"

"अरे काय... कोण आजी?"

"काका, प्लीज! फोन नंतर!"

मुरलीधरांनी प्रसन्नचा पांढराफटक चेहरा बघितला, मागून धावत येणारा मॅनेजर बघितला आणि फोन तिथेच सोडून ते उठले. विजेच्या खोलीपुढे येऊन ते हात पसरून उभे राहिले. मॅनेजर गयावया करू लागला, "भाईसाहब, होटल बदनाम हो जाएगा..."

"एक पाऊल पुढे टाकू नका!" बाबा चक्क मराठीत गरजले. मॅनेजरला ते बरोबर समजलं!

रसिका परत वर धावली. यशोधन दाराशी गुडघ्यावर बसून पुटपुटत होता.

"ताई," तो वळून म्हणाला.  "आजी बोलत नाहीयेत आता."

"काळे आजी! आजी!"

काही नाही. ठोकण्याचा आवाजही नाही. रसिकाने दारावर दोन्ही मुठी आपटल्या. दार फक्त घुमलं. यशोधन मात्र पुन्हा फटीकडे वळला आणि पुटपुटत राहिला. रसिकाला आयुष्यात इतकी भीती कधीच वाटली नव्हती. आपण त्या दुकानात उशिरा गेलो असतो तर? चाकू नुसता घेऊन घरी गेलो असतो तर? की आताच उशीर झालाय?

अखेर गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. जड बुटांचे आवाज जिना चढून आले. "बच्चो, हटो." एका जवानाने दाराच्या वरच्या छिद्रात किल्ली फिरवली आणि लोखंडी दार करकरत बाजूला झालं. खाली, मजल्याच्या अर्ध्यावर लटकलेल्या लिफ्टच्या दारातून एक बारीक हात बाहेर लोंबत होता. हलत नव्हता.

यशोधनने रसिकाच्या पोटात तोंड खुपसलं.

जवान आत उतरला. त्याने त्या हाताची नाडी धरली. 

"चल रही है!" तो ओरडला. "पानी लाओ! स्ट्रेचर!"

प्रसन्नने सॅकमधली बाटली इतक्या घाईने पुढे केली की अर्धं पाणी जिन्यावरच सांडलं.

संध्याकाळी इस्पितळात कुसुमावतीआजी उशीला टेकून बसल्या होत्या. हाताला सलाइन, डोळ्यांवर चष्मा. त्या कोकणातल्या शेतकी शाळेत आंब्याची कलमं बांधायला शिकवायच्या. आता निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या ओळखीची पुण्याची मंडळी उद्या येणार होती आणि सगळे मिळून पानिपतला काला अंब हे लढाईचं स्मारक बघायला जाणार होते. त्या एकट्याच आधी आल्या होत्या, म्हणून त्यांची वाट बघणारं दिल्लीत कुणीच नव्हतं.

पोलिसांनी मॅनेजरला चौकीत नेलं होतं. आजींच्या खोलीतला चाकू त्यानेच उचलून विकला होता. छाब्राजी स्वतः तो परत द्यायला आले आणि कान पकडून गेले.

"कलमाचा चाकू आहे हा," आजी म्हणाल्या. त्यांनी तो उघडून प्रसन्नच्या हातात दिला. "तुला घ्यायचा होता म्हणे?"

"हो... म्हणजे, असाच दुसरा. घ्यावा का आजी?"

"शिबिरात नक्की काय कापणार आहेस?"

प्रसन्नने डोकं खाजवलं. "दोरी. आणि... तसं काही ठरलं नाही."

"मग दोरीला तिथल्या सरांकडची कात्री पुरेल. चाकू कामासाठी घ्यायचा. काम ठरलं नसेल तर तो खिशात राहून बोटच कापतो. पुढच्या सुट्टीत ये माझ्याकडे. कलम बांधायला शिक. मग आपण दोघं बाजारात जाऊ आणि खटका दाबून, सांधा हलवून, तुझ्या मुठीला बसेल असा घेऊ."

प्रसन्नने चाकू सांभाळून मिटला. "चालेल. तोवर नको."

अग्निशमन दलाचे अधिकारी दारात उभे होते. ते मुरलीधरांना म्हणाले, "साहब, उस वक्त लिफ्ट चल जाती तो हाथ नहीं बचता. और घंटाभर देर होती, तो जान भी नहीं. आपके बच्चों ने कमाल कर दिया!"

 मुरलीधरांनी तिघांनाही जवळ ओढलं. "रसिका हात करत होती आणि मी बघितलंसुद्धा नाही. शाब्बास रे पोरांनो! मी नव्हतो बघत, तेव्हा तुम्ही बघितलंत."

 तेव्हा कुठे रसिकाने इतका वेळ आवरून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं आणि ती पलंगाच्या कडेवर बसून हुंदके देत रडली.

"रड, रड," आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "एवढी घाबरली होतीस आणि तरी फोन लावलास. मी तर ठोकणंही सोडणार होते गं. म्हटलं, कुणी नाही येत आता. तेवढ्यात तुझी हाक आली." मग त्या यशोधनकडे वळल्या. "आणि हा बघा! माझा आवाज गेला, तरी हा दारापाशी बोलतच राहिला."

यशोधन लाजून म्हणाला, "बोलायचं सगळं संपलं होतं आजी. म्हणून मी पाढे म्हणत होतो."

"सगळे पाढे ऐकत होते ना. त्यांनाच धरून जागी राहिले मी." आजींनी त्याचा हात आपल्या हातात घेतला. "सतराच्या पाढ्यात मात्र चुकलास रे. तुला सांगायचं म्हणून किती प्रयत्न केला, पण आवाजच फुटेना!"